दारावरचा पल्हव राजा

निशिकांतच्या घराची बेल फक्त पार्सलवाले वाजवतात, आणि तेही चुकून. पार्सल असतं वरच्या मजल्यावरच्या मुलीचं. पण बेल वाजली की हा गृहस्थ लगबगीने उठतो, शर्टाचं वरचं बटण लावतो, उरलेल्या केसांवरून हात फिरवतो आणि मगच दार उघडतो. तोवर पार्सलवाला खोकं टाकून लिफ्टमध्ये शिरलेला असतो. मग निशिकांत ते खोकं दोन्ही हातांनी उचलतो, जणू सत्यनारायणाचा प्रसादच, आणि जिना चढून वर नेऊन देतो. वरची मुलगी म्हणते, "थँक यू अंकल, सॉरी लाह," इथल्या इंग्रजीला असतं तसं 'लाह'चं शेपूट लावून. एवढ्या एका 'अंकल'वर त्याचा मंगळवार निघतो.

आता माणूस काही टाकून दिलेला नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. बायको आहे, मुलगी आहे, नातू आहे. फक्त ते सगळे मेलबर्नला आहेत. निशिकांत मूळचा नाशिकचा. उभं आयुष्य रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत गेलं, दुसऱ्यांनी लिहिलेले आकडे तपासण्यात. निवृत्त झाल्यावर बुओना व्हिस्टाचा काँडो विकला आणि बुकित पंजांगला हा फ्लॅट घेतला. मधुवंतीने पडदे लावून दिले, मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मुलीच्या, आर्याच्या, बाळंतपणाला म्हणून मेलबर्नला गेली. दोन महिन्यांसाठी. त्यानंतर अनीश झाला, पालथा पडला, रांगला, चालायला लागला, आता 'आजी' म्हणतो, आणि आजी अजून तिथेच आहे.

लोकांना काय, तोंडाला विषय हवा. कोणी म्हणालं भांडण झालं, कोणी म्हणालं त्याचं घोरणं सहन होईना. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं हो, भांडण मिटवता तरी येतं. इथे तसलं काहीच नव्हतं. तिथे मधुवंतीची सकाळी सहापासून गरज असते आणि इथे नसते, एवढीच भानगड. निशिकांतही एकदा जाऊन आला. सोफ्यावर बसायचा, व्हॅक्यूम क्लीनर आला की पाय वर घ्यायचा, गेला की खाली ठेवायचा. सुट्टी संपल्यासारखा परत आला, पण परत येऊन करणार काय, ऑफिस तर नव्हतंच.

तर अशा या माणसाच्या आयुष्यात बोलायला म्हणून एकच प्राणी उरला होता. समोरच्या दारातला गॅस्पर.

गॅस्पर सिक्वेरा. बुटका, गोल, सत्तरी ओलांडलेला. रंग आपल्यासारखा, आडनाव पोर्तुगीज आणि इंग्रजी अस्सल इथलं. युरेशियन म्हणतात इथे, मलाक्क्याच्या पोर्तुगिजांच्या वंशातला. जन्मभर बंदरात क्रेन चालवली, त्यामुळे माणूस उंचावरून खाली बघून बोलल्यासारखा बोलायचा, निशिकांतच्या बरगडीपर्यंत पोचत असला तरी. त्याची बायको बर्नाडेट, निशिकांत इथे राहायला यायच्या आधीच वारली होती. मुलगा पर्थला. पहिल्या ख्रिसमसला गॅस्परने बशीत केकचा तुकडा आणून दिला, 'सुगी केक' म्हणून. निशिकांतने तोंडात टाकला आणि जिभेला ओळख पटली. रवा! लोण्यात मुरलेला, बदामाचा, वर ब्रँडीचा वास.

"अहो, हा तर आमच्या शिऱ्याचा चुलतभाऊ," तो म्हणाला.

"तुमचा शिरा दारू पितो?" गॅस्परने विचारलं.

"नाही."

"मग चुलतभाऊ नाही. शेजारी म्हणा."

तिथून जमलं. रोज सकाळी दोघं ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये एकाच टेबलाशी. गॅस्परपुढे बिनसाखरेची काळी कॉफी, निशिकांतपुढे तेह हालिया, म्हणजे आपला आल्याचाच चहा, फक्त दुप्पट गोड. बोलणं सगळं इंग्रजीत, विषय ठरलेले: गुडघे, लिफ्ट, पर्थची थंडी, मेलबर्नची थंडी. आणि कोणी ऐकणारा मिळाला की गॅस्परचं आवडतं पालुपद.

"मी राजा आहे, माहीत आहे ना? बाळ येशूला बघायला पूर्वेकडून तीन राजे आले, त्यातला पहिला गॅस्पर. तुमच्याच बाजूचा. इंडिया साइड. माझे आजोबा सांगायचे."

"आमच्या बाजूचा राजा आणि आम्हालाच पत्ता नाही?"

"तुम्ही लोक हिशेबात, लाह. राजाकडे लक्ष कुठे."

निशिकांत हसायचा. त्याला ते मनापासून थापच वाटायची, पण थाप ऐकवायला का होईना, रोज कोणीतरी समोरची खुर्ची ओढून ठेवतंय, याचं त्याला फार अप्रूप होतं. पंचाहत्तर माणसांच्या विभागात बसलेला माणूस एका खुर्चीवर आला होता. ती गेली तर पुढे भिंत.

आणि ती त्याने स्वतःच्या हाताने घालवली. दिवाळीच्या साफसफाईत.

मेलबर्नहून व्हिडिओ कॉल होता. निशिकांतने फोन चपलांच्या कपाटावर टेकवला होता आणि मधुवंतीच्या देखरेखीखाली उंबऱ्याबाहेरची फरशी पुसत होता. तिकडून हुकूम सुटत होते. कोपरा राहिला. बादलीतलं पाणी बदला. आणि मग:

"अहो, फोन जरा वळवा. समोरच्यांच्या चौकटीवर ते काय खरडलंय?"

निशिकांतने वर पाहिलं. गॅस्परच्या दाराच्या वर, चौकटीवर, पांढऱ्या खडूने काहीतरी लिहिलेलं होतं. इतके दिवस येता-जाता दिसत होतं, पण बघितलं कोणी!

"कंत्राटदाराची खूण असेल. मागे पाइप बदलले म्हणे."

"मग पुसून टाका की. सणासुदीला समोर तसलं घाणेरडं. बिचारे म्हातारे आहेत, त्यांचा हात तरी पोचतोय का तिथे? फडकं ओलं आहेच तुमचं."

आता बघा, यात वाईट काय आहे? आपल्या अंगणात झाडू मारताना हातासरशी शेजाऱ्याच्याही दोन हात मारावेत, ही आपली रीतच. दिवाळीला तर पुण्यच. निशिकांतला कल्पना फारच आवडली. गॅस्पर बाजारात गेला होता. परत येईल तर दार चकाचक!

पण वाचल्याशिवाय पुसायचं नाही, ही जन्माची खोड. त्याने चष्मा वर सरकवून नीट पाहिलं. 20 + C + M + B + 23. त्यातला C खाली लांबवलेला, शेपूट सुटल्यासारखा. अधिकचिन्हं बारकी आणि तिरकी, जणू घाईत घातलेले टाके. तीनचं डोकं गोल नाही, सपाट, वर कौल ठेवल्यासारखं. C म्हणजे कॉरिडॉर असणार, M म्हणजे मेन, B म्हणजे बाथरूम आणि शेवटी साल. जुनी नोंद, काम संपल्यावर काढून टाकायची राहून गेलेली. आयुष्यभर त्याने अशाच नोंदी शोधून निकालात काढल्या होत्या. त्याने हात वर केला. उंच माणूस, खुर्चीसुद्धा लागली नाही. दोन फटक्यांत चौकट स्वच्छ.

गॅस्पर आला तो एका हातात मासळीची पिशवी, दुसऱ्या हातात केळी. किल्लीसाठी खिशात हात घालताना त्याची नजर वर गेली आणि हात खिशातच राहिला.

"हॅपी दीपावली!" निशिकांत आपल्या दारातून म्हणाला. "म्हटलं, आमचं करतोच आहे तर तुमचंही करून टाकावं."

गॅस्पर बराच वेळ चौकटीकडे बघत उभा होता. मासळीच्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. मग तो म्हणाला, "थँक यू, निशी." आत गेला आणि दार लावून घेतलं.

"इतका गहिवरला की धड बोलताच येईना त्याला," निशिकांतने मधुवंतीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी समोरची खुर्ची रिकामी. त्याच्या पुढच्या दिवशीही. निशिकांतने फराळाचं ताट नेलं. चकल्या लिटल इंडियातून विकत आणलेल्या, पण चिवडा स्वतः केलेला, जरा करपलेला. बेल दाबली. आत टीव्ही चालू होता. टीव्हीचा आवाज कमी झाला, म्हणजे ऐकू गेलं होतं. दार उघडलं नाही. निशिकांत ताट घेऊन उभा राहिला, मग ताट घेऊन परत आला. चिवडा त्याने एकट्याने संपवला, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, शिक्षा केल्यासारखा.

काय झालं ते त्याला कळलं तेही भर पार्टीत, आणि हसण्याखिदळण्यात. बँकेतला जुना सहकारी सुबोध बुओना व्हिस्टाच्या काँडोत राहतो. त्याच्याकडे दिवाळीचं जेवण होतं. सुबोधला इतिहासाचा षौक आहे. फावल्या वेळात इतिहास, आणि समोरच्याला वेळ नसेल तरीही इतिहास. पंगतीत कोणीतरी विचारलं, "काय निशिकांतराव, नव्या जागेत शेजार कसा?" तेव्हा याने चौकट पुसल्याचा किस्सा रंगवून सांगितला. शेजाऱ्याला भावना आवरेनात म्हणून तोंड लपवून बसलाय, अशी वर मखलाशी.

सुबोधची बायको चैत्राली बालवाडीत शिकवते. ती वाढता वाढता थांबली. डाव हातात तसाच.

"काका, काय लिहिलं होतं म्हणालात?"

त्याने सांगितलं.

"अहो काका! ते कंत्राटदाराचं नव्हे. ते तीन राजे. कॅस्पर, मेल्कियॉर, बाल्थाझार. जानेवारीत चर्चमध्ये खडू मंत्रून देतात, त्याने दारावर लिहायचं, दोन टोकांना सालाचे दोन तुकडे. घराला आशीर्वाद असतो तो. मी कॉन्व्हेंटमधली, आमच्या हॉस्टेलच्या दारावर असायचं."

टेबलावर क्षणभर शांतता झाली. ती सुबोधला कशी सोसावी?

"कॅस्पर म्हणजे गॅस्परच," तो म्हणाला. "आणि गॅस्पर कोण, ठाऊक आहे? पार्थियन नाव आहे ते. इराणकडचे लोक. आपल्याकडे त्यांनाच पल्हव म्हणत. त्यांच्यातला एक राजा तक्षशिलेला राज्य करत होता, गोंडोफारीस. त्यांच्या भाषेत विंदफर्न, म्हणजे तेज मिळवणारा, असं काहीसं. ते नाव पश्चिमेकडे गेलं आणि या तोंडातून त्या तोंडात झिजत झिजत गॅस्पर झालं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. दोन हजार वर्षं! राज्य गेलं, भाषा गेली, नाव चालूच. कॅस्पर, जॅस्पर, सगळी त्याचीच पिलावळ."

"माझ्या वर्गात दोन जॅस्पर आहेत," चैत्राली म्हणाली. "एक चावतो."

"आणि निशिकांतराव कुठले? नाशिकचे!" सुबोधने टेबलावर थाप मारली. "पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे ना, मुलाचं कौतुक केलेला? शक, यवन आणि पल्हवांचा नाश करणारा सातवाहन राजा! अहो, नाशिककरांनी पल्हवांना पुसलं ते तेव्हाच. एक चौकटीवर लपून बसला होता, तो यांनी बुकित पंजांगला गाठला!"

काय हशा पिकला म्हणता! एकाला तर ठसका लागला. जेवण संपेपर्यंत निशिकांतचं नाव 'पल्हवनिषूदन', म्हणजे पल्हवांचा कर्दनकाळ, पडलं होतं, ते आजतागायत चालू आहे. निशिकांतही हसला. सगळ्यांपेक्षा थोडा जास्तच हसला. पुरणपोळी मात्र ताटात तशीच राहिली.

लहानपणी शाळेच्या सहलीत तो त्या लेण्यांत गेला होता. मास्तर भिंतीवरच्या ओळीवरून काठी फिरवत 'शक, यवन, पल्हव' म्हणायचे आणि पोरं ओरडायची, 'निषूदन!' आवाज घुमायचा म्हणून ओरडायची. पल्हव म्हणजे कोण, कुठले, त्यांना घरंदारं होती का, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. सुबोधकडून परतताना गाडीत त्याला ते आठवत राहिलं. बुकित पंजांगची ती छोटी एलआरटी, उंच पुलावरून धावणारी रेल्वे, इमारतींना अगदी खेटून जाते. लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून तिच्या खिडक्या तेवढ्यापुरत्या आपोआप धुरकट होतात. एरवी निशिकांतला त्याचा राग यायचा. दुसऱ्याच्या घरात दिवा दिसला तर कोणाचं काय जातं? त्या रात्री काच पांढरी झाली तेव्हा त्याला बरंच वाटलं. आपलाही चेहरा दिसेना झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने समोरची बेल वाजवली आणि या वेळी हलला नाही. शेवटी आतलं लाकडी दार उघडलं. बाहेरची लोखंडी जाळी मात्र बंदच. जाळीआड गॅस्पर, दाढी वाढलेली.

"मिस्टर गॅस्पर, मला माहीत नव्हतं. मला वाटलं कंत्राटदाराचं आहे. मी खडू आणतो. चर्चमध्ये जाऊन मागून आणतो, तुम्ही परत लिहा."

"खडू आहे माझ्याकडे. दरवर्षी देतात. ड्रॉवरमध्ये पडलेत."

"मग?"

"ते बर्नाडेटने लिहिलं होतं." गॅस्परने एक-एक शब्द वजन करून खाली उतरवला. "दरवर्षी तीच लिहायची. त्या जानेवारीत लिहिलं आणि पावसाआधी गेली. म्हणून मी नंतर लिहिलं नाही. जुनंच ठेवलं. फादर म्हणाले, 'गॅस्पर, साल बदल.' मी म्हटलं, 'राहू दे.'"

निशिकांतने जाळीला हात लावला, मग काढून घेतला. "एखादा फोटो असेल ना?"

"स्वतःच्या दाराचा फोटो कोण काढतं, निशी?"

दार लागलं.

निशिकांतने मेलबर्नला फोन लावला. त्या दिवशीच्या कॉलचं काही राहतं का, चित्रबित्र? मधुवंती म्हणाली, "तसं कसं राहील हो?" मग सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मीच सांगितलं तुम्हाला पुसायला."

"हात माझा होता."

"तुम्ही जेवताय ना नीट?"

"जेवतोय."

"अहो, मी..." ती म्हणाली, आणि मागे अनीशने भोकाड पसरलं. "उठला वाटतं. ठेवते हं."

नोव्हेंबर गेला. निशिकांत सकाळी खाली जायचा, तेह हालिया घ्यायचा, समोरच्या खुर्चीकडे न बघता प्यायचा. ट्रे उचलणारी बाई एकदा म्हणाली, "युअर फ्रेंड सिक, आह?" निशिकांत म्हणाला, "बिझी." बाईने टेबल पुसलं, गॅस्परची बाजूसुद्धा पुसली, आणि निशिकांतला वाटलं, या बाईला सांगावं, बाई, पुसताना जपून. गॅस्पर आता दुपारी खाली उतरायचा. लिफ्टशी गाठ पडलीच तर काहीतरी विसरल्यासारखं करून परत घरात जायचा. क्रेनवाला माणूस, अंदाज अचूक.

ख्रिसमसला केक आला नाही. यायचा नव्हताच. संध्याकाळी ब्लॉकमध्ये कुठेतरी गाणी चालू होती. समोर मात्र टीव्हीसुद्धा नव्हता. निशिकांत हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होता. काय न्यावं? मिठाई नेली तर लाच दिल्यासारखं, फुलं नेली तर कोणी मेल्यासारखं. शेवटी तसाच, रिकाम्या हातांनी गेला. बेल न वाजवता बंद दारासमोर उभा राहिला आणि बोलायला लागला. येणारे-जाणारे बघतील, म्हणतील म्हाताऱ्याला चढली. बघू देत.

"मिस्टर गॅस्पर, फोटो नाही कुठे. पण मी पुसायच्या आधी वाचलं होतं. नीट वाचलं होतं. जन्मभर तेच केलंय, कोणाचा आकडा कसा आहे ते मी विसरत नाही. C मोठा होता. खाली लांब ओढलेला, हात उचलायचा कंटाळा केल्यासारखा. अधिकचिन्हं बारीक, उजवीकडे कललेली. M चे पाय सारखे नव्हते, एक आखूड. B च्या वरच्या पोटात खडू घसरला होता, तिथे थोडी पूड साचलेली."

आत काही हललं नाही.

"आणि तीन सपाट डोक्याचा."

लाकडी दार उघडलं.

"सपाट?" गॅस्पर म्हणाला.

"असा." निशिकांतने हवेत बोटाने काढून दाखवला. आडवी रेघ, तिरकी खाली, मग पोट.

गॅस्पर त्या बोटाकडे बघत राहिला. "त्या तीनवरून तिला शाळेत छड्या खाव्या लागल्या होत्या. नन म्हणायच्या, गोल काढ. ही म्हणायची, गोल काढला की तो आठसारखा दिसतो. साठ वर्षं ऐकलं नाही कोणाचं." त्याने जाळी दोन्ही हातांनी धरली. "आणखी?"

"वीसमधलं शून्य पुरतं मिटलं नव्हतं. वर फट होती."

"आणखी?"

निशिकांतने डोळे मिटून शोधलं. फार शोधलं. "आणखी नाही. पुढे मी पुसलं."

दोघं जाळीच्या दोन बाजूंना उभे. वरच्या मजल्यावर कोणीतरी बेसूर गात होतं. मग निशिकांतला राहवेना. गप्प राहणं जमत असतं तर काय हवं होतं!

"तुम्ही बरोबर म्हणत होता. गॅस्पर आमच्याच बाजूचा. तक्षशिलेचा राजा असावा, असं लोक म्हणतात. पार्थियन."

"मी सांगत नव्हतो?"

"आणि मी नाशिकचा. तिथल्या डोंगरात लिहून ठेवलंय की आमच्या राजाने तुमच्या लोकांचा नाश केला."

गॅस्परने भुवया उंचावल्या. "म्हणजे ही दुसरी वेळ?"

"दुसरी."

"मग दोन हजार वर्षांत काही शिकला नाहीत तुम्ही लोक," गॅस्पर म्हणाला. हसला नाही. पण 'गुड नाइट' म्हणाला, आणि दार लावताना हळू लावलं.

खुर्ची तरीही रिकामीच राहिली. नववर्ष आलं, फटाके उडाले, मेलबर्नहून सगळ्यांनी हात हलवले. निशिकांतने ठरवून टाकलं की एवढंच होतं, हिशेब बंद. म्हणून जानेवारीतल्या पहिल्या रविवारी बेल वाजली तेव्हा तो उठलासुद्धा सावकाश. शर्टाचं बटणही लावलं नाही.

दारात गॅस्पर. चर्चचे कपडे, भांग पाडलेला, एका हातात खडू, दुसऱ्या हातात लाकडी स्टूल.

"धरा," तो म्हणाला.

"काय?"

"स्टूल धरा. बर्नाडेट चढायची, मी धरायचो. एकट्याने होत नाही हे. दोन वर्षं लोकांना वाटतंय, मी तिच्या अक्षरासाठी लिहिलं नाही. खरं आहे ते. पण स्टूल धरायलाही कोणी नव्हतं, लाह."

"मी स्टुलाशिवाय पोचतो. मी लिहून देऊ?"

"माहीत आहे तुमचा हात कुठे पोचतो ते."

निशिकांत मुकाट्याने खाली बसला आणि स्टुलाचे दोन पाय दोन्ही हातांनी पकडले. गॅस्पर त्याच्या डोक्यावर हात टेकवून, अगदी बिनदिक्कत, वर चढला. पहिला 2 काढला. मग 0. मग अधिकचिन्ह. स्टूल थरथरत होतं. म्हणजे स्टूल नव्हे, वरचा माणूस. ज्याने जहाजांवरून कंटेनर उचलले, त्याला आता चौकटीची उंची झेपेना. त्याने C काढला, वेडावाकडा. तो संपला आणि गॅस्परने चौकट धरली.

"गरगरतंय."

निशिकांतने त्याला कमरेला धरून उतरवलं. केवढासा होता तो! त्याच स्टुलावर बसवलं, पाणी आणलं. गॅस्परने घोट घेतला आणि वर पाहिलं. 20 + C. पुढे कोरं.

"घाणेरडा आलाय," तो म्हणाला. "तिचा चांगला होता."

"चांगला होता," निशिकांत म्हणाला.

"बास झालं. माझं नाव लागलं. बाकीच्यांनी आपापलं बघावं."

"उरलेलं मी लिहितो ना. M, B आणि साल. तुम्ही सांगाल तसं."

गॅस्परने विचार केला. खडू बोटांत फिरवला, मग खिशात टाकला. "पुढच्या वर्षी बघू."

निशिकांतने रिकामा पेला बाजूला ठेवला. फरशीवरच बसला, दाराला पाठ टेकून, लांब पाय कॉरिडॉरमध्ये पसरून. रविवारची सकाळ, सगळी घरं आपापल्या आत. तेवढ्यात लिफ्ट वर आली, टिंग वाजलं, दार उघडलं. आत कोणी नव्हतं. दिवा जळत होता, पंखा फिरत होता. थोडा वेळ दार उघडंच राहिलं आणि मग मिटलं.

"कोणीतरी चुकून बटण दाबलं असेल," निशिकांत म्हणाला.

"ते दोघं असतील," गॅस्पर म्हणाला. "मेल्कियॉरला मजला कधी सापडत नाही."